६१७४ बेस ७ मध्ये लिहिला की कापरेकरांची जादू जाते कुठे?

प्रश्न काय होता ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सिडकोतल्या एका गृहस्थांची मुलगी आठवीत आहे, शाळेच्या प्रोजेक्टला तिने कापरेकर स्थिरांक घेतलाय (नाशकात हा विषय कुणी ना कुणी घेतंच, आपल्या देवळालीचे मास्तर ना ते). खेळ असा: चार अंकी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर हेच परत परत करा, शेवटी ६१७४ येते आणि तिथेच थांबते. सगळे तेच ते ६१७४ करतात म्हणून तिने जरा वेगळं करायचं ठरवलं. ६१७४ ही संख्या बेस ७ मध्ये लिहिली (म्हणजे घरांची किंमत १, १०, १०० ऐवजी १, ७, ४९, ३४३, २४०१, आणि अंक फक्त ० ते ६), २४००० आली. मग अंक उतरत्या क्रमाने ४२०००, चढत्या क्रमाने ०००२४, वजाबाकी केली तर ४१६४३. तिच्या मते परत २४००० यायला हवं होतं. तर तिचं चुकलं कुठे, ही जादू फक्त बेस १० मध्येच चालते का, आणि असा काही गुणधर्म आहे का जो कुठल्याही बेसमध्ये टिकतो, असे तिचे तीन प्रश्न.

मी नाशिकरोडला स्कॉलरशिप आणि ऑलिंपियाडच्या पोरांचे गणिताचे क्लास घेतो, बरीच वर्षं झाली, आणि खरं सांगू का, बेस बदलून बघायचं डोकं आठवीत चालणं हेच मोठं आहे, बहुतेक पोरांना बेस म्हटलं की कॉम्प्युटरच्या पुस्तकातलं ० आणि १ तेवढंच आठवतं.

तर पहिलं, पोरीचं काहीही चुकलेलं नाही. ६१७४ = २×२४०१ + ४×३४३, म्हणून बेस ७ मध्ये २४००० बरोबर. वजाबाकीही बरोबर, आणि विशेष म्हणजे हातचा घेताना तिने ७ चा घेतलाय, १० चा नाही, इथे पोरं हमखास गंडतात. शेवटच्या घरात ० मधून ४ जात नाही, हातचा आला ७, सातातून ४ गेले ३, पुढच्या घरात ६ उरले त्यातून २ गेले ४, मग ६, मग २ चा झाला १, आणि ४. एकूण ४१६४३. ताळा करायचा असेल तर अंकांची बेरीज करा, ४+१+६+४+३ = १८, ६ ने भाग जातो. जायलाच हवा, का ते खाली येतंय.

गडबड अपेक्षेत आहे. कापरेकरांची कृती संख्येवर होत नाही, अंकांवर होते. बेस बदलला की संख्या तीच राहते, फक्त कपडे बदलतात, आणि ही कृती कपड्यांशीच खेळते. त्यात २४००० पाच अंकी झाली, म्हणजे खेळाचा डावच वेगळा. विचारायला हवं ते असं: बेस ७ मध्ये कुठलीही चार अंकी संख्या घेतली (सगळे अंक सारखे नकोत, आणि पुढे शून्य आलं तर ते सोडायचं नाही, ०६६६ सुद्धा चार अंकीच धरायची) आणि हीच कृती परत परत केली तर शेवटी काय होतं?

हे हाताने काढता येतं, प्रोग्राम लागत नाही. एकदा बेस १० मध्येच बघू. चार अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ. कखगघ मधून घगखक वजा केलं की येतं ९९९×(क−घ) + ९०×(ख−ग). म्हणजे मूळ संख्या काय होती याच्याशी देणंघेणं नाही, फक्त दोन फरक कामाचे, बाहेरच्या दोन अंकांतला (याला मोठा फरक म्हणू) आणि मधल्या दोन अंकांतला (हा छोटा फरक). ६१७४ चे अंक ७, ६, ४, १. मोठा फरक ६, छोटा २. ९९९×६ = ५९९४, ९०×२ = १८०, बेरीज ६१७४. परत स्वतःच. मोठा फरक १ ते ९ आणि छोटा फरक ० पासून मोठ्याइतका, अशा जोड्या फक्त ५४ होतात. नऊ हजारांच्या वर संख्या तपासायच्या ऐवजी ५४ जोड्यांचा तक्ता करा आणि प्रत्येकीपासून पुढची कुठली येते तो बाण काढा, सगळे बाण शेवटी (६, २) वर येऊन थांबतात. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात.

हाच तक्ता बेस ७ ला २७ जोड्यांचा होतो आणि बेस ५ ला फक्त १४ जोड्यांचा. मधली आकडेमोड सोपी करायला एक सूत्र देतो. बेस ब, मोठा फरक म, छोटा फरक छ, आणि छ शून्य नसेल तर वजाबाकीचे चार अंक येतात म, छ−१, ब−१−छ, ब−म. छ शून्य असेल तर म−१, ब−१, ब−१, ब−म. एवढंच वापरायचं, हातच्याची कटकट संपली.

बेस ५ करून बघा, फार सुंदर आहे. ४३११ घ्या. मोठा फरक ३, छोटा २, वजाबाकी ३१२२. त्याचे अंक ३, २, २, १, फरक २ आणि ०, वजाबाकी १४४३. त्याचे फरक ३ आणि १, वजाबाकी ३०३२. आणि ३०३२ चे अंक ३, ३, २, ० म्हणजे फरक परत ३ आणि १, परत ३०३२. अडकलं. चौदाच्या चौदा जोड्या मी तपासल्यात, सगळ्या इथेच येतात, फार तर चार वजाबाक्या. म्हणजे बेस ५ चा स्वतःचा ६१७४ आहे आणि तो ३०३२. आपल्या नेहमीच्या भाषेत ती संख्या ३९२, आणि ३९२ चा बेस १० मधल्या ६१७४ शी काही संबंध नाही. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं, जादू फक्त दहाची मक्तेदारी नाही.

आता बेस ७, जो तिने निवडला. इथे २७ जोड्यांपैकी एकही स्वतःवर परत येत नाही! सगळ्या एका तीन जणांच्या फेऱ्यात जातात: ५२३२ मधून ३०५४, ३०५४ मधून ५०५२, आणि ५०५२ मधून परत ५२३२. कुठूनही सुरू करा, शेवटी या तिघांतच फिरत बसाल. माझ्या मते प्रोजेक्टला हे ६१७४ पेक्षा भारी आहे, कारण बघणाऱ्याला वाटत असतं शेवटी एकच आकडा येणार, आणि इथे गोल गोल फिरणं येतं.

बेस ४ मध्ये तर दोन पक्ष पडतात. काही संख्या ३०२१ वर जाऊन थांबतात (३२१० वजा ०१२३ बेस ४ मध्ये करून बघा, ३०२१ च येतं) आणि काही १३३२ आणि २०२२ या दोघांत टेनिसच्या बॉलसारख्या इकडून तिकडे जात राहतात.

मग थांबणारी संख्या कधी मिळते? बेस ५ च्या पाढ्यातला असेल तर एक नक्की मिळते. बेस ५×क असेल (इथे क म्हणजे १, २, ३ असा कुठलाही आकडा) तर अंक घ्या ३क, क−१, ४क−१, २क. क = १ घातलं की ३०३२, क = २ घातलं की ६१७४. म्हणजे दोघं एकाच घरातले निघाले. क = ३, बेस १५: ९-२-११-६ (इथे ११ हा एकच अंक, म्हणून मध्ये रेघा), वरच्या सूत्रात मोठा फरक ९ आणि छोटा ३ टाकून पडताळून घ्या. पण थांबणारी संख्या असणं वेगळं आणि सगळे तिच्याकडेच येणं वेगळं. बेस १५ मध्ये चार जणांचा अजून एक फेरा आहे, १३-०-१३-२ मधून १३-१०-३-२, त्यातून ११-६-७-४, त्यातून ७-०-१३-८, आणि परत पहिला. उदाहरणार्थ फरक (८, ८) पासून निघालात तर या फेऱ्यात पडता, ९-२-११-६ कधीच दिसत नाही. दहाच्या बाबतीत सगळे एकाच ठिकाणी येतात हे दहाचं नशीब, आणि पाचाचंही.

तीन अंकी घेतलं तर गोष्ट अजून स्वच्छ होते, आणि ही पूर्ण सिद्धता आठवीच्या मुलीला झेपेल. तीन अंकांत मधला अंक वजाबाकीत उडून जातो, उरतो फक्त मोठा फरक म. वजाबाकीचे अंक म−१, ब−१, ब−म. यातला सगळ्यात मोठा अर्थातच ब−१, म्हणून नवा फरक म्हणजे म−१ आणि ब−म यांतला जो मोठा तो. बस. म मोठा असेल तर एकेक पायरी खाली उतरतो, लहान असेल तर एकदा वर उडी मारतो आणि मग एकेक पायरी उतरतो, शेवटी मध्यावर येतो. बेस सम असेल तर मध्य म्हणजे ब/२, आणि म तिथे पोचला की तिथेच राहतो. दहासाठी म = ५, संख्या ४९५. बेस १२ साठी ५-११-६. बेस विषम असेल तर मध्यावर एक आकडा नसतोच, दोन असतात, आणि म त्या दोघांत उड्या मारत राहतो. बेस ७ मध्ये २६४ मधून ३६३, ३६३ मधून २६४. म्हणजे तीन अंकी खेळात सम बेसला स्थिरांक आहे, विषम बेसला नाही, कधीच नाही. चार अंकीत असं एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून तिथे तक्ता करावा लागतो.

आता वर म्हटलेलं ६ ने भाग जाण्याचं. बेस १० मध्ये अंकांची बेरीज करून ९ ची कसोटी लावतो ना आपण, त्यात ९ मध्ये काही दैवी नाही, तो १० पेक्षा एकने कमी आहे एवढंच. १०, १००, १००० कशालाही ९ ने भागलं की बाकी १. तसंच ७, ४९, ३४३ ला ६ ने भागलं की बाकी १. म्हणून बेस ७ मध्ये संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ६ ने भागल्यावरची बाकी सारखीच येते. अंक उलटेसुलटे केले तरी बेरीज तीच, त्यामुळे वजाबाकीला ६ ने भाग जाणारच. कुठलाही बेस आला की मी पोरांना आधी विचारतो, याच्या आधीचा आकडा कोणता आणि त्याचे अवयव काय. निम्म्या गमती तिथेच लपलेल्या असतात.

याचा एक मजेशीर परिणाम बघा. बेस ७ मध्ये शेवटचा अंक बघून सम-विषम सांगता येत नाही. बेस ७ मधलं १२ म्हणजे आपले ९, शेवटी २ आहे तरी विषम. तिथे सम-विषम बघायला अंकांची बेरीज करावी लागते, कारण ६ सम आहे.

आणि इथून थेट देवळालीत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ६१७४ त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्या काळात अशा अंकांच्या खेळांना फार कुणी गांभीर्याने घेत नसे, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. त्यांच्या स्वयंभू संख्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. कल्पना अशी की कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २१ मधून २१+२+१ = २४. काही संख्यांना दोन आईबाप असतात, १०१ ही १०० मधूनही येते (१००+१) आणि ९१ मधूनही (९१+१०). आणि काही कुणापासूनच जन्मत नाहीत, त्या स्वयंभू: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. बेस १० मध्ये ही यादी पुढे बऱ्यापैकी अडनिडी होत जाते.

हाच खेळ बेस ७ मध्ये खेळा. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोन्ही सम किंवा दोन्ही विषम (वरच्याच कारणाने), म्हणून मिळवणी कायम सम. म्हणजे बेस ७ मध्ये झाडून सगळ्या विषम संख्या देवळाली संख्या! ७ च का, कुठल्याही विषम बेसमध्ये. दहामध्ये जे गूढ वाटत होतं त्यातलं अर्धं एका ओळीत संपलं. दहाच्या आधीचा ९ विषम आहे म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही.

कापरेकर संख्या ही अजून एक गोष्ट, आणि २०२५ साली नवीन वर्षाच्या मेसेजमध्ये सगळ्यांच्या फोनवर फिरलेली: ४५ चा वर्ग २०२५, आणि २०+२५ = ४५. ४५ ही संख्या बेस ७ मध्ये ६३ होते, तिचा वर्ग ५६२२, आणि ५६+२२ बेस ७ मध्ये १११. गेलं. पण थांबा, ४५ या दोन अंकांना बेस ७ मधलेच अंक समजा (म्हणजे आपले ३३). बेस ७ मध्ये त्यांचा वर्ग ३११४, आणि ३१+१४ = ४५! पोरांना मी हे सांगितलं की पाच मिनिटं भांडण चालतं की ४५ टिकला की नाही टिकला. संख्या टिकली नाही, अंक टिकले.

ते का, तर वर्गाचा डावा तुकडा ड, उजवा उ, संख्या न. वर्ग म्हणजे ड×१०० + उ, आणि न = ड + उ. वजा केलं की न×(न−१) = ड×९९. ४५×४४ = १९८० = २०×९९. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच की न आणि त्याच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने भाग जातो का. ९९ = ९×११, तेव्हा ९ एकाकडून आणि ११ दुसऱ्याकडून घ्या, ४५ आणि ५५ मिळतात (५५ चा वर्ग ३०२५), जोडीची बेरीज १००. तीन अंकांत ९९९ = २७×३७, जोडी २९७ आणि ७०३, बेरीज १०००. बेस ७ मध्ये ९९ च्या जागी येतात ४८ = १६×३, जोडी मिळते १६ आणि ३३, बेस ७ मध्ये लिहून २२ आणि ४५, आणि २२+४५ तिथे बरोब्बर १००. एक अंकी खेळ तर दहामध्ये कंटाळवाणा आहे, ९ सोडून कोणी नाही (८१, ८+१, १ आपला असतोच), कारण ९ चे दोन वेगळे मूळ अवयव पडत नाहीत. बेस ७ मध्ये ६ = २×३, म्हणून ३ चा वर्ग १२, ४ चा वर्ग २२, ६ चा वर्ग ५१, तिघंही पास.

तिसरा प्रश्न, कुठल्याही बेसमध्ये टिकणारं काय. मूळ संख्या असणं, वर्ग असणं, सम असणं, ६ ने भाग जाणं, हे तर टिकणारच, ते संख्येचं आहे. मुलीला बहुधा अंकांवरचं काहीतरी हवंय. तर कापरेकरांच्याच हर्षद संख्या घ्या, ज्यांना आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जातो. १, २, ४ आणि ६ या चार संख्या प्रत्येक बेसमध्ये हर्षद आहेत. १२ बिचारी जवळजवळ पोचते, फक्त बेस ८ मध्ये आपटते, तिथे ती १४ होते आणि १+४ = ५. बाकी कुठल्याही बेसमध्ये लिहा, जमतं. हा तक्ता एका पानात बसतो आणि आठवीच्या मुलीने स्वतः भरण्यासारखा आहे, कारण १२ च्या पुढच्या बेसमध्ये १२ हा एकच अंक, तिथे तपासायचं काही उरतच नाही.

६१७४ चं काय? ते मी कागदावर केलंय आणि मलाच मजा वाटली. बेस २ मध्ये ११००००००११११० (११ नंतर सहा शून्यं, मग चार वेळा १ आणि शेवटी एक ०), अंकांची बेरीज ६, भाग जातो. बेस ४ मध्ये १२००१३२, बेरीज ९. बेस ५ मध्ये १४४१४४ (हो, १४४ दोनदा!), बेरीज १८. बेस ६ मध्ये ४४३३०, बेरीज १४. बेस ७ मध्ये तिचंच २४०००, बेरीज ६. बेस ८ मध्ये १४०३६, बेस ९ मध्ये ८४२०, बेस ११ मध्ये ४७०३, तिन्हीकडे बेरीज १४. आणि दहामध्ये १८. या सगळ्यांनी ६१७४ ला भाग जातो. २ ते ११ मध्ये फक्त बेस ३ दगा देतो, २२११०२००, बेरीज ८. आणि १२ ला परत फसतं, ३-६-१०-६, बेरीज २५. यामागे जादू कमी आणि अवयव जास्त, ६१७४ = २×३×३×७×७×७, विभाजक तब्बल २४, कुठली बेरीज आली तरी भाग जायची शक्यता बरी.

बेस ७ मध्ये शेवटी तीन शून्यं का आली तेही इथेच कळतं, सात तीनदा आहे. आणि बेस १८ मध्ये हीच संख्या होते १११०, कारण ३४३ = ३२४ + १८ + १, म्हणजे बेस ७ मधलं १००० आणि बेस १८ मधलं १११ एकच. पोस्टरवर हे मधोमध मोठ्या अक्षरात टाका असं माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता, बेस ऋण १० सुद्धा असतो. इटलीच्या व्हिटोरियो ग्रुनवाल्ड यांनी १८८५ मध्येच ऋण बेसवर लिहिलंय. घरांची किंमत १, −१०, १००, −१०००, १००००. १५ लिहायचे तर १९५ (१०० − ९० + ५). ६१७४ होते १४२३४. ऋण संख्यांना वजाचं चिन्हच लागत नाही. आणि ९ ची कसोटी इथे ११ ची होते: १४२३४ ची बेरीज १४, ११ ने भागून बाकी ३, ६१७४ ला ११ ने भागूनही बाकी ३. आठवीच्या प्रोजेक्टात हे घालू नका, मास्तर गोंधळतील. विचित्र बेस म्हटलं की लोक घाबरतात पण १ एप्रिल १९५७ पर्यंत आपला रुपयाच १६ आण्यांचा होता आणि आणा १२ पैंचा, प्रत्येक घराला वेगळा बेस, आणि आपले आजोबा भाजीबाजारात उभ्या उभ्या त्यात हिशोब करायचे.

प्रोजेक्टचं म्हणाल तर मी असं करीन. पाच अंकी २४००० चा नाद सोडा, पाच अंकी खेळात बेस १० मध्येसुद्धा एक स्थिरांक मिळत नाही. बेस ५ चा १४ जोड्यांचा बाणांचा तक्ता एका कार्डशीटवर, बेस ७ चा २७ जोड्यांचा दुसऱ्यावर, एकात सगळे बाण एका गोळ्यात जातात आणि दुसऱ्यात तीन गोळ्यांच्या चक्रात, शेजारी शेजारी लावले की बघणाऱ्याला सांगायची गरज पडत नाही. तीन अंकीची सिद्धता तिने तोंडी सांगावी, परीक्षक नक्की विचारतील "का" म्हणून. प्रत्येक आकड्याशेजारी बेस लिहायला विसरू नका, नाहीतर ३०३२ बघून कुणीतरी बेस १० मध्ये वजाबाकी करणार आणि म्हणणार चुकलंय. बेस १२ किंवा १५ घेतला तर अंकांमध्ये मी वर टाकल्यात तशा आडव्या रेघा टाका. आणि बेस ९ चा चार अंकी तक्ता मी मुद्दामच दिलेला नाही, ४४ जोड्या आहेत, रविवारी दुपारी बसली तर संध्याकाळपर्यंत होईल.